ऑफिस नेमके किती वाजता सुटते?

लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात किंवा मॅरेथॉन फ्युचरेक्समध्ये कामाला जाणारी मुले-मुली ज्या रस्त्याने चालतात, त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसे अजून डिलाइल रोडच म्हणतात. हे जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. त्या परिषदेने कारखान्यांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. भारताला मात्र अपवाद करून आठवड्याचे ६० तास दिले. आज त्याच रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांना ‘आठवड्याला किती तास काम करता?’ असे विचारले, तर अनेकांना आकडा सांगता येत नाही. ‘डिपेंड्स’ एवढेच उत्तर येते.

गिरणगावाला हा आकडा कोणी सहज दिलेला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवार मिळाला १० जून १८९० रोजी. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की साचे थांबत. दिवे आल्यावर दिवस १५ तासांवर गेला. पुरुष कामगाराच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. तेव्हा दिव्याने जे केले, ते आता खिशातला फोन करतो आहे.

‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर बोलताना पहाटे उठा, ध्यान करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असे सल्ले मिळतात. ते वाईट नाहीत, पण ज्याच्या घरी दुसरी खोलीच नाही त्याने काय करायचे? मुळात हा प्रश्न हिशेबाचा आहे. तास मोजावेत, लिहून ठेवावेत आणि मग त्यांवर बोलावे. पुढचे सगळे मार्गदर्शन याच सूत्रावर आहे.

नोकरी घेण्याआधी: कोणाला, काय विचारायचे

कंपनीबद्दल कर्मचाऱ्यांची मते हवी असतात, पण ती विचारण्याची पद्धत चुकते. ‘तुमच्याकडे कल्चर कसे आहे?’ या प्रश्नाला ‘चांगले आहे’ हेच उत्तर मिळते. नोकरीच्या संकेतस्थळांवरचे तारेही जपून वाचावेत. रागाने सोडून गेलेला एक तारा देतो, नुकताच लागलेला पाच. ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा आणि वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का ते पाहा. ‘रिलीजच्या आठवड्यात शनिवार जातो’ असे चार अनोळखी माणसे वेगवेगळ्या महिन्यांत म्हणत असतील, तर तुमचाही शनिवार जाणार.

त्याहून उपयोगी म्हणजे ज्या टीममध्ये जायचे, त्याच टीममधल्या दोघा-तिघांशी बोलणे. त्यांना मत विचारू नका, घडलेले विचारा:

काल ऑफिसातून किती वाजता निघालात? त्यानंतर घरून लॉगिन केले का?
गेल्या गणपतीत किती दिवस रजा मिळाली? रजेवर असताना फोन आला का?
क्लायंट कोणत्या देशात आहे?
ऑन-कॉलची पाळी किती आठवड्यांनी येते? दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा असते का?
टाइमशीटमध्ये खरे तास भरता येतात, की सगळे सरसकट आठच भरतात?
वर्षभरात टीममधून किती जण सोडून गेले?

टाइमशीटच्या प्रश्नाला समोरचा हसला, तर उत्तर मिळाले असे समजा.

क्लायंटच्या देशाचा प्रश्न वरवर साधा आहे, पण तुमची संध्याकाळ त्यावर ठरते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथल्या सकाळी दहाची मीटिंग म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे मागे जातात आणि तीच मीटिंग साडेआठला येऊन बसते, ती थेट मार्चपर्यंत. लंडनचा फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा आहे, त्यामुळे तिथली दुपार आपल्या रात्रीत फारशी येत नाही. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, लंडनच्या टीममधला सातला निघतो आणि न्यूयॉर्कच्या टीममधली साडेनऊला. दोघांचे अभिप्राय वेगळे आणि दोन्ही खरे.

म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. त्याच इन्फोसिसने २०२५ मध्ये घरून काम करताना दिवसाला सव्वानऊ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांना सावध करणारे ईमेल पाठवल्याच्या बातम्या आल्या. जाहीर विधानापेक्षा आणि एचआरच्या ईमेलपेक्षाही तुमचा मॅनेजर रात्री दहाला मेसेज पाठवून उत्तराची अपेक्षा ठेवतो की नाही, हे महत्त्वाचे.

ऑफर लेटर आकड्यासाठी वाचा

पगाराच्या आकड्यावर नजर थांबते, हे स्वाभाविक आहे. सही करण्याआधी आणखी पाच गोष्टी शोधा. कामाचे तास आकड्यात लिहिले आहेत, की ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ असे मोघम आहे? ऑफिसात किती दिवस यायचे, आणि ती हजेरी व्हेरिएबल पगाराशी जोडली आहे का? नोटीस पिरियड किती? बाँड असेल तर किती रकमेचा आणि किती मुदतीचा? बदली कुठे होऊ शकते? लालबागच्या घरातून ऐरोलीला रोज जाणे आणि लोअर परळला चालत जाणे यांत दिवसाचे दोन-अडीच तास आणि पाठीचे दुखणे एवढा फरक आहे.

बेंचबद्दलही, म्हणजे प्रोजेक्टविना काढायच्या दिवसांबद्दल, विचारा. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असावेत आणि बेंच ३५ दिवसांपलीकडे जाऊ नये असे धोरण आणले. पुढच्याच महिन्यात सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. अशा काळात माणूस मिळेल तो प्रोजेक्ट घेतो आणि मिळतील ते तास सोसतो. त्यामुळे तास वाढण्याचे कारण प्रत्येक वेळी कडक मॅनेजर नसतो. नोकरीची धास्तीही तेच काम करते. निर्णय घेताना ही धास्ती हिशेबात धरा.

कायदा कागदावर आहे, तो माहीत असू द्या

आयटीला कामगार कायदे लागू नाहीत, हा समज चुकीचा आहे. दुकानांचे ‘गुमास्ता’ लायसन आपल्याला माहीत असते. त्याच कायद्याचे नवे रूप म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी तो आला आणि सॉफ्टवेअर कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. त्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी दिली आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले. वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, हेही त्यातच आहे. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणून आपल्या ऑफिसला आज कोणता आकडा लागू आहे, हे एचआरला लेखी विचारा. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत; त्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे.

यात एक मेख आहे. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना राज्याच्या कायद्यातून सूट आहे. त्यामुळे तीन वर्षांत ‘असोसिएट मॅनेजर’ झालेल्या, पण हाताखाली एकही माणूस नसलेल्या इंजिनिअरला ‘तुला ओव्हरटाइम नाही’ असे सांगितले जाते. कामगारांच्या खटल्यांत न्यायालये पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहत आली आहेत, हे ध्यानात ठेवा.

मुंबईत या कायद्याचे काम महापालिकेचा दुकाने व आस्थापना विभाग पाहतो. लोअर परळ-प्रभादेवीसाठी जी दक्षिण, परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादरसाठी जी उत्तर आणि गिरगावसाठी डी विभाग कार्यालय. तक्रार लगेच करा असे नाही. पण दार कुठे आहे ते ठाऊक असावे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीतल्या २६ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतरच्या तपासणीत ते कार्यालय २००७ पासून या कायद्याखालच्या नोंदणीविनाच चालू असल्याचे उघड झाले. इतकी वर्षे तिथे कोणी तास विचारायला गेलेच नसावे.

पहिले तीन महिने वही ठेवा

रोज चार वेळा लिहा: घरातून निघालो, काम सुरू केले, काम थांबवले, घरी पोहोचलो. रात्री पुन्हा लॉगिन केले तर तेही. वही स्वतःची असावी आणि तिच्यात फक्त तारीख, वेळ आणि दोन शब्द असावेत. क्लायंटचे नाव, कोड, स्क्रीनशॉट काही नको. ऑफिसचे ईमेल खाजगी पत्त्यावर पाठवू नका. तो गोपनीयतेचा भंग ठरतो आणि बरोबर असूनही तुम्हीच अडकता.

चार आठवड्यांनी बेरीज करा. सकाळी १० ते रात्री ८.३०, त्यात जेवणाचा अर्धा तास, म्हणजे दहा तास काम. रात्री घरून एक तासाचा कॉल. दिवसाचे अकरा, पाच दिवसांचे ५५. शनिवार-रविवार सुट्टी असूनही एवढे होतात! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. प्रवास या आकड्यात धरलेलाच नाही, पण तुमच्या वहीत तो धरा. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाल्यापासून परळहून पश्चिमेला जाणाऱ्यांची वाट लांबली. उलट ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड मेट्रो पूर्ण सुरू झाल्याने गिरगावहून बीकेसीला जाणे सोपे झाले. नोकरी बदलण्याआधी मार्ग बदलून किती वेळ वाचतो, तेही मोजून पाहावे.

मॅनेजरशी बोलताना आकडा पुढे ठेवा

‘मला फार ताण येतो’ या वाक्याला ‘सगळ्यांनाच येतो’ हे उत्तर तयार असते. त्याऐवजी असे म्हणून पाहा: ‘गेल्या चार आठवड्यांत माझे सरासरी ५४ तास झाले. त्यातले रात्रीच्या कॉलचेच सहा आहेत. मंगळवार आणि गुरुवारचे कॉल मी घेतो. बाकीच्या दिवशी सातला निघतो. चालेल का?’ यात तक्रार आहे आणि तोडगाही आहे. बोलणे झाल्यावर ‘आज ठरले त्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

नवे काम येते तेव्हा नकार देणे अवघड असते. तिथे निवड समोरच्याकडे सोपवा: ‘या स्प्रिंटमध्ये माझ्याकडे तीन कामे आहेत. हे चौथे घेतले तर त्यांतले कोणते पुढे ढकलू?’ चांगला मॅनेजर उत्तर देतो. ‘चारही कर’ असे वारंवार म्हणणाऱ्याची नोंदही वहीत जाते.

शनिवारी काम केले तर कॉम्प ऑफची तारीख त्याच आठवड्यात ठरवून घ्या. ‘नंतर घे’ म्हणून राहिलेली सुट्टी सहसा बुडते.

रजा आधी मागा, पूर्ण घ्या

आपल्याकडे खरी कसोटी गणपतीची. कोकणात जाणाऱ्याला रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी मिळते. ज्या दिवशी तिकीट काढाल, त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका; महिनाभर आधी मागितलेल्या रजेपेक्षा दोन महिने आधी मागितलेली रजा नाकारणे कठीण जाते. टीममध्ये बिगरमराठी सहकारी असतील तर त्यांच्याशी अदलाबदल ठरवा: गणपतीत ते ऑन-कॉल, दिवाळीत किंवा ओणमला तुम्ही. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे रस्ते मिरवणुकांनी भरतात. त्या दिवशी घरून काम करण्याची परवानगी आठवडाभर आधी घ्या.

रजेवर जाताना काम कोणाकडे सोपवले आणि कशासाठीच फोन करायचा, हे लिहून जा. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा हक्क २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसे खाजगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. कायदा झालेला नाही. तोवर हा हक्क टीमपुरता ठरवून घ्यावा लागेल.

घरून काम: घर लहान असेल तर

बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळालेली कुटुंबे आता आहेत, पण गिरणगावात आणि गिरगावात एका खोलीत चार-पाच माणसे असलेली घरे अजून कमी नाहीत. तिथे ‘कामाची वेगळी जागा करा’ हा सल्ला निरुपयोगी. वेळेची भिंत घालता येते. लॅपटॉप उघडण्याची आणि पिशवीत भरण्याची वेळ घरात सर्वांना सांगून ठेवा. चार्जर पिशवीतच राहू द्या. घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा, की घरात बसलो म्हणजे मोकळा नाही, आणि सातनंतर मात्र पूर्ण मोकळा आहे. दुसरे वाक्य पाळले नाही तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

स्त्रियांसाठी चार गोष्टी

रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची. गाडी चाळीच्या तोंडाशी येते की नाक्यावर सोडते, हे नोकरी घेण्याआधी विचारा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. दहा किंवा अधिक असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावे ऑफिसात लावलेली नसतील, तर तीच त्या कंपनीच्या संस्कृतीबद्दलची मोठी माहिती. आणि बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवरून परतलेल्या सहकारी महिलेला कोणते काम दिले गेले, हे तिलाच विचारा. एचआरच्या सादरीकरणात ते नसते.

तब्येत आणि सोडण्याची वेळ

रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड, झोप तुटणे, बारीकसारीक गोष्टींवर घरात ओरडणे हे तीन-चार आठवडे चालले, तर डॉक्टरकडे जा. केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

तीन महिने मोजले, दोनदा बोललो, टीम बदलून मागितली, तरी आकडा हलत नाही, असे झाले तर नोकरी सोडण्याची तयारी करा. हातात दुसरे पत्र आणि बँकेत तीन-चार महिन्यांचा खर्च असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. तब्येत धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. जाताना रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, फॉर्म १६ आणि फंडाची नोंद घ्या. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. सेवेला पाच वर्षे व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करूनच तारीख ठरवा.

आणि एक गोष्ट गिरणगावातल्या घरांना अवघड जाते, तरी सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर अनेक घरांच्या चुली मंदावल्या. त्यामुळे ‘युनियन’ हा शब्द काढला तरी वडीलधारे धास्तावतात. पण एकत्र येणे म्हणजे संपच असे नाही. टीममधल्या सहा जणांनी आपापल्या वह्यांतले सरासरी तास एका पानावर मांडून मॅनेजरला दिले, तर ते एकट्याचे रडगाणे राहत नाही. पुण्यातून काम करणारी नाइट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार विभागाकडे तक्रारी नेते.

लोखंडे यांच्या अर्जावर हजारो सह्या होत्या आणि मागणी आकड्यांत होती, तरी सुट्टी मिळायला सहा वर्षे लागली. तुम्हाला सहा वर्षे थांबायची गरज नाही. येत्या सोमवारी वही उघडा, निघायची वेळ लिहा, आणि पुढच्या महिन्यात कोणी विचारले की ऑफिस किती वाजता सुटते, तर त्याला आकडा सांगा.